आईस्क्रीमला मशीन नाही, मीठ लागते



कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आहे, आणि मी आज आईस्क्रीमवर लिहायला बसलो. हसायचं असंल तं हसून घ्या. पण पुरतं वाचा. विषय दुधाचा आहे, सीताफळाचा आहे आणि आपल्या खिशाचा आहे.

दिवाळीच्या आधी एका फळप्रक्रिया प्रशिक्षणाला जाऊन आलो. चहा, फाईल, पेन, सगळं व्यवस्थित होतं. शिकवणाऱ्या साहेबांनी पडद्यावर यादी दाखवली. पल्पर, पाश्चरायझर, होमोजिनायझर, बॅच फ्रीझर, डीप फ्रीझर. खाली बेरीज लाखांत. मग कर्ज, मग अनुदान, मग प्रोजेक्ट रिपोर्ट कोण करून देतो त्याचा नंबर. मागच्या रांगेतून बचत गटाची एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, घरच्या पोट्ट्यायले खायापुरतं कराचं असंल तं?" साहेब हसले. म्हणाले, "ताई, घरी नाही जमत. मशीनशिवाय त्याचा नुसता बर्फ होतो."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. त्या माणसाशी नाही, माणूस चांगला होता.

काहून भांडण? कारण हे वाक्य आपण तीस वर्षांपासून वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. घरचं बियाणं जमत नाही, पाकीट घ्या. घरचं ढेपेचं गणित जमत नाही, पोतं घ्या. आता घरचं आईस्क्रीम जमत नाही, कप घ्या, नाही तं मशीन घ्या. दोन्हीकडून पैसा आपल्याच दारातून बाहेर जातो. कुठं कुठं ते खरंही आहे, बीटीचं बियाणं घरी बनत नाही हे मलाही कळते. पण आईस्क्रीमच्या बाबतीत ते खरं नाही, आणि त्याचा हिशोब मी मांडून दाखवतो.

आधी "बर्फ होतो" म्हणजे काय होतो ते पाहू. दुधात पाणी असते. ते पाणी हळूहळू गोठलं तं त्याचे मोठे खडे बनतात आणि दाताखाली करकर वाजतात. झटकन गोठलं आणि गोठताना सारखं हलवत राहिलं तं खडे बारीक राहतात, जिभेला लागत नाहीत. म्हणजे तीन गोष्टी पाहिजेत. थंडी जोरात पाहिजे, हात चालू पाहिजे, आणि दुधात पाणी कमी पाहिजे. मशीन यातल्या पहिल्या दोन गोष्टी करते. तिसरी गोष्ट मशीन करत नाही, ती चूल करते. आणि पहिल्या दोन गोष्टी बर्फ, मीठ आणि मनगट करते.

थंडीचं कोडं शेतकऱ्याला तरी नवं नसावं. फवारणीच्या ड्रममध्ये युरिया विरघळवताना हात घातला आहे ना? पाणी गार लागते. ड्रिपसाठी १३:०:४५ विरघळवताना तं ड्रमला बाहेरून घाम सुटतो. हे १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच जुन्या लोकांचा सोरा. अकबराच्या दरबारात पाणी थंड करायला सोरा वापरत, ते अबुल फझलनं ऐन-इ-अकबरीत लिहून ठेवलं आहे. चारशे वर्षांपूर्वी बादशहाचं पाणी ज्यानं थंड होत होतं, ती वस्तू आज आपल्या खताच्या कोठीत पडली आहे. (आईस्क्रीमसाठी खत वापरू नका रे बाप्पा. कोणीतरी करून पाहीन म्हणून सांगतो. साधं मीठ त्याच्यापेक्षा भारी काम करते.)

मीठ काय करते? बर्फ शून्य अंशाला वितळतो. त्यात मीठ पडलं की तो शून्याच्या खाली असतानाही वितळायला लागतो. आणि वितळायला उष्णता लागते. किती लागते? १ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात १ किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. एवढी उष्णता तो बर्फ आणणार कुठून? मधोमध दुधाचा डबा ठेवला असंल तं त्या दुधातून ओढून घेतो. बर्फ आणि मिठाचं मिश्रण पार उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरी तेवढं जात नाही, पण ३ भाग बर्फ आणि १ भाग मीठ घेतलं तं उणे १२, उणे १५ सहज मिळते. आईस्क्रीमला तेवढं रग्गड झालं.

१८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईनं हाताच्या दांड्यानं फिरवायच्या आईस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडं ज्याला पॉट आईस्क्रीम म्हणतात ते तेच. लाकडी बादली, मधात डबा, बाजूनं बर्फ आणि जाड मीठ, वर दांडा. त्यात वीज नव्हती, होमोजिनायझर नव्हता, प्रोजेक्ट रिपोर्ट तं नव्हताच. जुन्या घरांत उन्हाळ्यात असा पॉट भाड्यानं आणून पोट्टे आळीपाळीनं फिरवत. दांड्यालाही कोणी मशीन म्हणत असंल तं तोही सोडून देऊ. दांड्याशिवायही होते.

आता दुसरी बाजू. आपण जो कप विकत आणतो त्यात काय असते?

कपावरचे बारीक अक्षर वाचायची सवय लावा. औषधाच्या बाटलीवरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण आपण पाहतो, तसं हेही पाहा. काही कपांवर 'आईस्क्रीम' लिहिलेलं असते आणि काहींवर 'फ्रोझन डेझर्ट'. फरक मोठा आहे. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे ज्याला नुसतं आईस्क्रीम म्हणायचं त्यात दुधाचं फॅट किमान १० टक्के पाहिजे. अडीच ते दहाच्या मधात असंल तं ते मीडियम फॅट, अडीचच्या आत लो फॅट. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेल चालते. ते बेकायदा नाही, वेष्टनावर लिहावं लागते आणि कंपन्या लिहितातही. २०१७ साली यावरून अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात भांडले. अमूलच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असते असं सुचवलं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आम्ही तेल वापरतो, वनस्पती तूप नाही. कोर्टानं जाहिरात थांबवली. म्हणून आपणही बोलताना 'डालडा खाऊ घालतात' असं बोलू नये. तेल असते, एवढंच बोला. तेवढं पुरे आहे.

कारण मुद्दा विषाचा नाही. मुद्दा हा आहे की दूध आपलं आहे आणि आपणच तेलाचा कप खातो. सकाळी डेअरीवर आपल्या दुधाचं फॅट पॉईंटमध्ये मोजतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव, एक पॉईंट खाली गेला की पैसे कापले. आपण मान खाली घालून पावती घेतो. संध्याकाळी त्याच पैशातून लेकरासाठी जो कप आणतो त्याचं फॅट कोणी मोजते का? लग्नात साडेतीनशे कप वाटतो, त्यातल्या एकाचं तरी झाकण उलटून वाचतो का?

आणि वजन. हे तं मला सगळ्यात जास्त लागते. कापूस विकायला नेला तं सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर दिसला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे आपल्या मालातलं पाणी कोणी विकत घेत नाही. बरोबर आहे, घेऊही नये. पण आईस्क्रीम लिटरवर विकतात. नियम सांगतो की १ लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम पाहिजे. म्हणजे लिटरच्या डब्यात सव्वापाचशे ग्रॅम माल असला तरी तो नियमात बसतो. बाकी निम्मी जागा हवेची. हवा थोडी लागतेच, हवेशिवाय ते दगड होईल, मला मान्य आहे. पण एकदा घरच्या वजनकाट्यावर डबा ठेवून पाहा आणि मग किलोचा भाव काढा. मशीन कशासाठी लागते ते तुमचं तुम्हाला कळंल. पातळ मालात एवढी हवा भरून ती टिकवणं, हे काम हातानं होत नाही. त्याला खरंच मशीन लागते.

आता करायचं कसं ते सांगतो. हंगाम सीताफळाचा सरत आला आहे म्हणून सीताफळाचं.

आपल्या जिल्ह्यात बरड जमिनीवर, धुऱ्यावर, डोंगरउतारावर सीताफळ आपोआप येते. पाणी नाही, खत नाही, फवारा नाही, ढोर पाल्याला तोंड लावत नाही. आपण त्याच्याकडं कधी पीक म्हणून पाहिलंच नाही, दशपर्णी अर्कासाठी पाला तोडण्यापुरती ओळख. व्यापारी फळ घेतो ते डोळे उघडलेलं पण कडक. नरम पडलं की त्याला नको, कारण ते यवतमाळहून नागपूरपर्यंतही धड जात नाही. टोपलीत उरते ते नरम. बाया ते संध्याकाळी मिळंल त्या भावानं देतात, नाही तं घरी आणून टाकतात. आणि आईस्क्रीमला नेमकं तेच नरम फळ पाहिजे. कडक फळाला गोडी नाही.

दूध म्हशीचं घ्या, २ लिटर. साडेसहा फॅटचं असंल तं त्यात १३० ग्रॅमच्या आसपास फॅट झालं. जाड बुडाच्या गंजात आटवायला ठेवा आणि निम्म्यावर थोडं जास्त उरंल इतकं आटवा, म्हणजे १ लिटर १०० मिली धरा. मध्येमध्ये सराट्यानं बुड खरडत राहा, करपलं की संपलं, तो वास सीताफळातही लपत नाही. उतरवताना २०० ग्रॅम साखर. साखर डोळ्याच्या अंदाजानं टाकू नका, मोजून टाका. साखर कमी पडली तं आईस्क्रीम दगड होते, जास्त झाली तं रात्रभर ठेवलं तरी बसत नाही. गाईचं दूध असंल तं जास्त आटवावं लागते, किंवा एक चमचा आरारोट थंड दुधात कालवून उकळीत टाका. हे आटवलेलं दूध पूर्ण थंड होऊ द्या. माठाच्या बाजूला ओल्या फडक्यात ठेवलं तरी चालते, फ्रिज असंल तं उत्तम. कोमट दूध बर्फात ठेवणं म्हणजे बर्फ वाया घालवणं.

गर काढायला दीड किलो नरम फळ घ्या. ४०० ग्रॅमच्या आसपास गर निघंल, कमीजास्त फळ पाहून. इथं दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, मिक्सर लावू नका. बी फुटली की कडवट होते, आणि सीताफळाची बी साधी नाही. तिची भुकटी उवा मारायला वापरत होते, डोळ्यात गेली तं डोळ्याला इजा करते. गर बियांसकट गंजात घ्या आणि ताकाची रवी हलक्या हातानं फिरवा. बिया सुट्या होतात, मग मोठ्या भोकाच्या चाळणीतून गर खाली काढा. दुसरी गोष्ट, गर तापवू नका. उकळत्या दुधात सीताफळ टाकलं की कडू होते. घरी सीताफळाची बासुंदी बिघडते ती याच कारणानं, आणि दोष मात्र फळाला जातो. गर नेहमी थंड दुधात.

सगळं मिळून १७०० ग्रॅम झालं. त्यात १३० ग्रॅम फॅट म्हणजे साडेसात टक्के. कायद्याच्या भाषेत हे मीडियम फॅट आईस्क्रीम. दोन-तीन दिवसांची साय दीडशे ग्रॅम फेटून घातली तं दहाच्या आसपास जाते, मग तुमचं घरचं आईस्क्रीम नियमानं पुरं आईस्क्रीम. हा हिशोब मी दहावीच्या गणितानं केला आहे, साहेब लोकांनी तपासून पाहावा.

आता कडीचं घट्ट झाकण असलेला ३ लिटरचा स्टीलचा डबा घ्या. दूध दोन तृतीयांशच्या वर भरू नका, फुगायला जागा पाहिजे. स्टीलच पाहिजे, प्लास्टिकमधून थंडी आत शिरत नाही. मोठी बादली किंवा कापलेला ड्रम घ्या आणि त्याला बाहेरून ओलं बारदान गुंडाळा. बर्फ ६ किलो, जाड खडा मीठ २ किलो. तालुक्याच्या बर्फ कारखान्यातून लादीचा तुकडा बारदानात गुंडाळून, भुसा टाकून आणला तं दोन तास तग धरतो. निळा बर्फ दिसला तं तो मासे-बिसे ठेवायचा, खायचा नव्हे. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे. आपल्या कामात बर्फ दुधाला शिवत नाही हे खरं, तरी घरात पोट्टे असतात, तोंडात टाकतात, म्हणून पांढराच आणा.

बर्फ पोत्यात घालून मुसळानं ठेचा, सुपारीएवढे तुकडे. बुडाला एक थर बर्फ, मूठभर मीठ, वर डबा, मग बाजूनं बर्फाचा थर, मिठाचा थर, असं डब्याच्या गळ्याच्या खालपर्यंत. झाकणाच्या वर बर्फ चढू देऊ नका. मिठाचं एक चमचा पाणी आत गेलं तं सगळी मेहनत ढोरांच्या गव्हाणीत. आता डब्याची कडी धरून अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं, ताकाच्या रवीसारखं. दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडा. कडेला पांढरा थर जमलेला दिसंल. तो लाकडी उलथण्यानं खरवडून मधात ढकला आणि जोरानं फेटा. पुन्हा बंद, पुन्हा फिरवणं. खरं काम हे खरवडणंच आहे. कडेचा थर तसाच राहू दिला तं तो बर्फ होतो आणि मधात दूध राहते, आणि मग माणूस म्हणते साहेब बरोबर सांगत होते. असे चार-पाच फेरे झाले की, म्हणजे पाऊण तासात, उलथणं उभं राहते. मग बादलीतलं पाणी थोडं काढून नवीन बर्फ-मीठ भरा, वर बारदान टाका आणि दीड-दोन तास हात लावू नका.

बर्फ-मिठात उघडा हात जास्त वेळ घालू नका, चामडी जळल्यासारखी होते. आणि एक, फिरवायचं काम गड्यांनी करावं. दूध आटवणं, गर काढणं बाया करतात, मग डबा फिरवायलाही त्याच, आणि आपण ओसरीवर बसून 'झालं का' विचारतो. हे बरं दिसत नाही.

कोणी म्हणंल घरी फ्रिज आहे तं एवढा खटाटोप कशाला? फ्रिजमध्येही होते. दीड तासानं काढा, कडा गोठल्या असतील, रवीनं घुसळा, परत ठेवा, असं तीन वेळा. पण गावठाण फीडरची लाईट मे महिन्यात किती टिकते हे मी सांगायला नको. अर्धं गोठलेलं वितळलं आणि पुन्हा गोठलं की त्याचे खडे होणारच. बर्फ-मिठाच्या बादलीला लाईटशी घेणंदेणं नाही. म्हणून खेड्यात मला बादलीवर जास्त भरवसा.

संत्र्याचं विचारतील आपले दारव्हा-नेरकडचे बागवाले. आंबिया बहाराची फळगळ पाहून ज्यांचं डोकं फिरलं आहे त्यांना आधीच सांगतो, गळलेल्या कच्च्या फळाचं आईस्क्रीम होत नाही. पिकलेलं घ्या. संत्र्याचा रस दुधात टाकला की दूध फाटते, आणि नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा बी भरडली गेली तं तासाभरात कडसर होतो. म्हणून रस नकोच. फोडी सोलून पांढरी साल आणि बी काढा, चाळणीत निथळू द्या, आणि दूध डब्यात अर्धं गोठल्यावर वरून मिसळा. गोठत्या दुधात आंबट फोड जास्त त्रास देत नाही. उमरखेड-पुसदकडं केळी आहेत, तिथं फारसं सांगायला नको, काळे ठिपके पडलेली केळी ऐन वेळी कुस्करून टाका. आंब्याचं उन्हाळ्यात पाहू, फक्त गावरान आंब्याचा रस दोनदा गाळा, रेषा गोठल्या की सुतळीसारख्या लागतात.

हे वाचून कोणी म्हणंल, हे घरापुरतं झालं, यानं शेतकऱ्याचं उत्पन्न काय वाढणार? इथंच तं अडते. आपल्याला घरापुरतं काही करायला कोणी शिकवतच नाही, सगळं थेट बाजारापुरतं. आमच्या भागात एका बीए झालेल्या पोरानं असंच प्रशिक्षण घेतलं, कर्ज काढलं, गर काढायची मशीन आणली, दोन डीप फ्रीझर आणले. पोरगा आळशी नव्हता. पण त्याला कोणी हे सांगितलं नव्हतं की सीताफळ सगळं पंधरा-वीस दिवसांत पिकते आणि मशीनचा हप्ता बारा महिने असतो. गर काळा पडतो, वोल्टेज येत नाही, डिझेल परवडत नाही. दोन हंगाम चाललं. आज त्याच्या एका फ्रीझरमध्ये भाजीपाल्याचं बियाणं ठेवलेलं असते आणि दुसऱ्यावर कपड्याची घडी. त्या पोरानं आयुष्यात एकदाही घरी सीताफळाचं आईस्क्रीम करून खाल्लं नव्हतं. मशीन आधी आली, पारख आलीच नाही.

उलटं उदाहरण आहे. मुंबईच्या जुहूला १९८४ साली नॅचरल्स नावाचं आईस्क्रीमचं दुकान ज्यांनी काढलं ते रघुनंदन कामत मंगळूरकडच्या फळविक्याचे पोर. २०२४ साली वारले. त्यांचं सीताफळ आईस्क्रीम मुंबईत एवढं चालते, ते फळ-दूध-साखर याच्या जोरावर. बापाच्या हाताखाली फळाची पारख आधी आली, यंत्रं मागून आली. मुंबईवाला सीताफळाच्या गरासाठी पैसे मोजते आणि इथं आमच्या पोट्ट्यांना 'सीताफळ फ्लेवर' म्हणजे हिरवट रंग आणि अत्तराचा वास एवढंच माहीत. धुऱ्यावर झाड उभं असताना.

विकू नका असं मी म्हणत नाही. ज्याला विकायचं त्यानं अन्न नोंदणी घ्यावी, गराला आणि दुधाला काय लागते ते शिकावं, आधी दहा वेळा बादलीत करून लोकांना खाऊ घालावं, आणि लोकांनी दुसऱ्यांदा मागितलं तं मग मशीनच्या दुकानात जावं. घरचं आईस्क्रीम कच्च्या गराचं असते, ते त्याच दिवशी, फार तं दुसऱ्या दिवशी संपवायचं, विकायला ठेवायचं नाही.

आणि हे वाचणाऱ्या कृषी सहायक, विषयतज्ज्ञ, केव्हीकेवाल्या साहेबांना हात जोडून एक मागणं आहे. शेतीशाळेत तुम्ही निंबोळी अर्क करून दाखवता, बीजप्रक्रिया करून दाखवता, घमेलं घेऊन स्वतः मातीत बसता, त्याचा आम्हाला उपयोग होतो. फळप्रक्रियेच्या दिवशीच नुसता पडदा काहून? ६ किलो बर्फ आणि २ किलो मीठ आणा, दूध-फळ आमचं. यादी आणि बेरीज त्यानंतर दाखवा. त्या बाईनं विचारलेला प्रश्न काही अडाणीपणाचा नव्हता. ती पहिल्या पायरीचं विचारत होती आणि तिला पाचव्या पायरीचं उत्तर मिळालं.

खर्चाचं. दूध डेअरीच्या भावानं धरा, साखर ९-१० रुपयांची, बर्फ कारखान्यात किलोवर मिळतो, सीताफळ धुऱ्याचं. पंधरा-सोळा वाट्या भरून होते. ज्यानं त्यानं आपल्या गावच्या भावानं आकडा काढावा आणि शंभर ग्रॅमच्या कपाशी ताडून पाहावा. ग्रॅमच्या हं, मिलीच्या नाही.

राहिलं ते बादलीतलं मिठाचं पाणी. ते झाडाच्या बुडात किंवा वावरात ओतू नका, आपली काळी जमीन आधीच निचऱ्याला खराब, त्यात मीठ नको. लोखंडी घमेल्यातही ठेवू नका, गंज चढतो. प्लास्टिकच्या पसरट टोपल्यात गच्चीवर ठेवा. आता हिवाळ्यात आठवडा लागंल, मे महिन्यात दोन-तीन दिवसांत मीठ परत खाली बसते. तेच पुढच्या वेळी वापरायचं. खायला नाही, बर्फालाच.